तोट्यातली ज्वारी

२००९ च्या दसऱ्याला गावी गेलो तेव्हा दादा ओसरीवर तिफणीची जुळणी करत बसले होते. दोन-चार दिवसांत शाळू पेरायचा होता. मी पिशवीतून एक कागद काढून त्यांच्यापुढं ठेवला. आमच्याच रानातल्या शाळवाचा पाच वर्षांचा जमाखर्च होता तो. बियाणं, शेणखत, बैलजोडीचे तास, घरच्या माणसांची मजुरी, जमिनीचा खंड, भांडवलावरचं व्याज, सगळं धरून मांडलेला. पाचांपैकी चार वर्षं तोटा. "दादा, ही ज्वारी आपण खात नाही, ती आपल्याला खातीय," असं मी म्हणाल्याचं मला आजही लख्ख आठवतं.

दादांनी कागद दोनदा वाचला आणि घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. ते सातवीपर्यंत शिकलेले. मी शेतीचा पदवीधर, आणि पिकांच्या खर्चाचे हिशेब मांडणं हीच माझी नोकरी. आठ वर्षांनी धाकटा असूनही शेतीच्या बाबतीत घरात माझ्या शब्दाला वजन होतं ते त्यामुळं. त्या रब्बीला त्यांनी शाळवाच्या रानात हरभरा पेरला. पुढच्या वर्षीही हरभराच. आमच्या घरची ज्वारी बंद झाली ती त्या कागदानं.

त्या कागदावरचा एकही आकडा खोटा नव्हता. सल्ला मात्र चुकीचा होता. कुठं चुकलं ते उमगायला मला दहा वर्षं लागली, आणि त्या चुकीची किंमत मी नाही, दादांनी मोजली. म्हणून हे लिहितो आहे.

माझी नोकरी काय होती ते आधी सांगायला हवं, कारण चुकीचं मूळ तिथंच आहे. पिकांचा उत्पादन खर्च काढण्याची केंद्र सरकारची एक योजना १९७०-७१ पासून चालू आहे. हमीभाव सुचवताना कृषिमूल्य आयोग ज्या आकड्यांवर विसंबतो ते या योजनेतून येतात. गावांचा एक समूह निवडायचा, तिथल्या शेतकऱ्यांचे जमिनीप्रमाणं पाच गट करायचे आणि प्रत्येक गटातली दोन कुटुंबं घ्यायची. या दहा घरांच्या शेतीची रोजची नोंद ठेवायला एक माणूस तिथं मुक्कामाला असतो. ऐन उमेदीची वर्षं मी तो माणूस होतो. कोणत्या तुकड्यात कोण किती तास राबलं, बैल किती तास चालले, खताची किती पोती पडली, बाजारात काय विकलं, हे संध्याकाळी दारोदार जाऊन विचारायचं आणि रात्री कंदिलाशी बसून तक्ते भरायचे. पुढं कार्यालयात बसून तेच तक्ते तपासायचे. तीस वर्षं मी या ना त्या खुर्चीवर हेच काम केलं.

या हिशेबाची स्वतःची अक्षरं आहेत. शेतकऱ्यानं रोखीनं किंवा वस्तूच्या रूपानं केलेला खर्च म्हणजे ए-टू. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची मजुरी मिळवली की ए-टू अधिक एफएल. त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज चढवलं की सी-टू. २००४ ते २००६ या काळात काम केलेल्या स्वामिनाथन आयोगानं खर्चावर निदान पन्नास टक्के जास्त हमीभाव द्यावा अशी शिफारस केली. २०१८ पासून सरकार दीडपट देतो म्हणतं ते ए-टू अधिक एफएलच्या दीडपट, आणि शेतकऱ्यांच्या संघटना मागतात ते सी-टूच्या दीडपट. त्या अक्षरांमागचे आकडे गोळा करणाऱ्यांत मी होतो याचा मला अभिमान होता, आजही आहे. हमीभावासाठी तो हिशेब लागतोच. पण एखाद्या घरानं यंदा काय पेरावं हे सांगायला तो मांडलेला नाही. मी तो तिथं नेऊन वापरला.

पिकाचा खर्च काढायचा म्हणजे शेतीचे पिकागणिक तुकडे करावे लागतात. ज्वारीचं पान वेगळं, सोयाबीनचं वेगळं, तुरीचं वेगळं. ज्वारीच्या पानावर कडबा उत्पन्नाच्या बाजूला येतो. तोच कडबा खाऊन बैल सोयाबीनची पाळी घालतात तेव्हा त्यांचे तास सोयाबीनच्या पानावर खर्चाच्या बाजूला येतात. सगळं काही लिहिलेलं असतं. फक्त दोन्ही पानं शेजारीशेजारी ठेवून वाचायची मला सवय नव्हती.

आमचं रान नऊ एकर, लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात. काळी जमीन, आणि संक्रांतीनंतर तळ दाखवणारी एक विहीर. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, काळात खरिपात मूग, उडीद, हायब्रिड ज्वारी आणि तुरीच्या ओळी असत. रब्बीत शाळू, थोडं जवस, आणि जनावरं आत शिरू नयेत म्हणून शाळवाच्या कडेनं करडईचे काटेरी तास. आबा गेल्यावर दादांनी यातलं बरंच काही बदललं होतं, तेही माझ्याआधी आणि मला न विचारता. हायब्रिड ज्वारी सप्टेंबरच्या पावसात सापडून काळी पडायची आणि बाजारात तिला कुणी हात लावायचं नाही. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली, तसं घाण्याच्या करडई तेलाचं गिऱ्हाईक हळूहळू तुटलं, आणि काटे झेलत करडई काढायला मजूरही मिळेनासे झाले. त्याच सुमाराला आमच्या भागात सोयाबीन पसरलं. शंभर दिवसांत हाताशी येणारं, गुत्त्यानं काढून यंत्रावर मळलं की दिवाळीच्या आत रोकड देणारं. आमच्याकडं लोक सोयाबीनचा उतारा एकराला सांगत नाहीत, बॅगला सांगतात. तीस किलो बियाण्याच्या एका पिशवीला किती झालं, हेच माप. दादांनी पहिल्या वर्षी दोन बॅगा पेरल्या, मग चार, मग सहा. किल्लारीच्या भूकंपानंतर आमची माय माळवदाखाली झोपायला तयार नव्हती, दोन वर्षं ती अंगणात पत्र्याखाली झोपली. तिच्यासाठी पक्की खोली झाली ती सोयाबीनच्या पैशातून. सोयाबीनला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही.

मला तेव्हा एक गोष्ट दिसली नाही. दादा बदलत होते, पण प्रत्येक बदलात काहीतरी मागं राखून बदलत होते. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी ठेवल्या. सहा बॅगांवर थांबले. उरलेल्या तीन एकरांत मूग-उडीद आणि त्यावर शाळू, हे सोडलं नाही. शेजाऱ्यांनी बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन नेलं तरी सोडलं नाही. मी त्याला भित्रेपणा समजलो. शिकलेल्या माणसाला न शिकलेल्याची सावधगिरी भित्रेपणाच वाटते.

२०१२ चा दुष्काळ कसाबसा निघाला. २०१४ आणि २०१५ लागोपाठ कोरडे गेले. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते २०१६ च्या एप्रिलमध्ये. त्या गाडीचे फोटो देशभर छापून आले, वैरणीचे कुणी छापले नाहीत. एरवी फेब्रुवारीत कडबा शेकडा हजार-बाराशेला मिळायचा. त्या वर्षी मे महिन्यात अडीच हजार मोजायची तयारी असली तरी पेंढी दिसत नव्हती. आमच्या परसात जिथं दरवर्षी कडब्याची गंज असायची तिथं मोकळी जागा होती. सोयाबीनच्या भुसकटाला बैल तोंड लावून सोडून देत. हरभऱ्याचा भुसा मार्चमध्येच संपला होता. दादांनी एप्रिलभर उसाचे वाढे विकत आणून घातले, मग पैसेच संपले.

देवणी जोडी होती आमची, वानेऱ्या रंगाची, अंगानं पांढरी आणि तोंडाशी काळी. एक गोऱ्हा घरच्या गाईचाच होता, दुसरा त्याला जोड म्हणून आणलेला. ती जोडी घेऊन दादा हाळी हंडरगुळीच्या बाजारात गेले तेव्हा त्यांनी मला फोन करून बोलावून घेतलं. का बोलावलं ते सांगितलं नाही. बाजारात विकणारेच विकणारे होते. २०१५ च्या मार्चपासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली होती, त्यामुळं घेणारे आधीच कमी, आणि दुष्काळात नवीन जोडी कोण बांधणार? उन्हात चार तास उभं राहिल्यावर निलंग्याकडच्या एका बागायतदारानं निम्म्याहून कमी भावानं जोडी घेतली. दादांनी पैसे मोजले नाहीत, मला मोजायला दिले. कासरे सोडून घेतले, गुंडाळून पिशवीत टाकले.

परतीच्या एसटीत बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "तुझ्या त्या कागदात कडबा कोणत्या महिन्याच्या भावानं धरला होतास?"

मी म्हणालो, "काढणीच्या."

ते पुढं काही बोलले नाहीत. घरी पोचेपर्यंत नाही, आणि त्या विषयावर नंतरही कधी नाही.

योजनेचा नियमच तसा आहे. मुख्य माल असो की दुय्यम, काढणीनंतर गावात जो भाव असेल तो धरायचा. हजारो शेतांची सरासरी काढायची तर दुसरं करणार काय? पण दारात बैलजोडी असलेल्या घरात फेब्रुवारीतला कडबा हा फेब्रुवारीत विकायचा माल नसतोच. ती मे महिन्याची तरतूद असते. मी त्या रात्री लातूरला परतल्यावर जुन्या कागदाची माझ्याजवळची प्रत काढली आणि कडब्याला मे महिन्याचा भाव लावून पाहिला. पाचांतली चार तोट्याची वर्षं दोनवर आली. आणि हे साध्या वर्षांतले मे महिने होते, दुष्काळातले नव्हते.

मग घरच्या मजुरीकडं वळलो. शाळू उपटायचा, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, हे काम फेब्रुवारी-मार्चचं. मी त्या कामाच्या प्रत्येक दिवसाला गावात चालू असलेला रोज लावला होता. हिशेबाच्या दृष्टीनं ते बरोबर. पण फेब्रुवारीच्या शेवटी आमच्या कोरडवाहू गावात दादांना रोजानं कुणी बोलावणार होतं का? शाळू नसता तर ते दिवस रिकामे गेले असते, त्याचे पैसे कुठून आले नसते. आणि जूनमध्ये, वाफसा आलेला असतो आणि ढग परत दाटून येत असतात, तेव्हाच्या एका दिवसाची किंमत कोणत्याही रोजात मावत नाही. तो दिवस चुकला की अख्खी पेरणी आठ-दहा दिवस मागं जाते. एकच माणूस, तेच हात. माझ्या तक्त्यात दोन्ही दिवसांना एकच दर होता. दादांच्या डोक्यात प्रत्येक महिन्याचा वेगळा होता.

आणि पैसा कधी हातात येतो, हे तर मी कधी मांडलंच नव्हतं. मुगाची दोन पोती पोळ्याच्या आसपास निघतात, त्यात सण भागतो. सोयाबीन दिवाळीला येतं. तूर जानेवारीत. शाळू आणि कडबा शिमग्याला, नेमका तेव्हा जेव्हा सोयाबीनचा पैसा देणेकऱ्यांनी नेलेला असतो आणि जूनची बियाणं-खतं अजून दूर असतात. सगळ्या रानात एकच पीक म्हणजे वर्षात एकच पगार, आणि उरलेले अकरा महिने कुणाच्या तरी दारात. दादांच्या ज्या सरमिसळीला मी अडाणीपणा म्हणत होतो तो त्यांचा वर्षभराचा ताळेबंद होता. फक्त तो कागदावर नव्हता.

एवढं कळूनही माझी खोड गेली नाही, हेही सांगायलाच हवं. २०१५ च्या शेवटी तुरीनं क्विंटलला दहा हजार ओलांडले होते. २०१६ च्या जूनमध्ये मी दादांना म्हणालो, तीन एकर सलग तूर टाकू. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि दरवर्षीएवढ्याच ओळी पेरल्या. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, अख्ख्या महाराष्ट्रानं तूर पेरली होती. २०१७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बोनस धरून हमीभाव ५,०५० होता आणि बाजारात तूर त्याच्या कितीतरी खाली. खरेदी केंद्रांपुढं ट्रॅक्टरच्या रांगा, केंद्रावर बारदाना नाही, लोक पोत्यांवरच झोपलेले. आमच्या घरी सहा पोती तूर होती. दोन डाळीला ठेवली, उरलेली दादांनी घाई न करता पावसाळ्यात विकली. त्यांनी माझं ऐकलं नाही म्हणून मला हायसं वाटण्याची ती पहिली वेळ.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांपर्यंत गेलं तेव्हा मात्र मी गप्प राहिलो. शेतकऱ्याच्या घरात तेव्हा सोयाबीन नव्हतंच. त्याच महिन्यात केंद्रानं सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली, आणि नवा माल बाजारात यायला लागला तोवर भाव निम्म्यावर आला होता. दादा एवढंच म्हणाले, "भाव येतो तवा आपल्या घरी माल नसतो." पुढच्या जूनला गावात सोयाबीनचा पेरा वाढला. आमचा वाढला नाही.

बैल गेल्यावर घरानं पुन्हा वळण घेतलं. पाळी-पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर गेली. पुतण्या चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर लागला. दारात दोन जर्सी गाई आल्या, मग एक म्हैस. आणि २०१७ च्या दसऱ्यानंतर दादांनी पुन्हा शाळू पेरला, दीड एकर. मी काही सुचवलं नव्हतं. पण सोडलेलं पीक परत आणणं किती अवघड असतं ते तेव्हा पाहिलं. पूर्वी शिवारात शंभर शेतांत शाळू असायचा, पाखरं शंभर शेतांत वाटली जायची. आता नजर पोचेल तिथवर हरभरा, आणि मध्ये आमचा एकटा दीड एकर. कणीस दुधात आलं तसे थवेच्या थवे तिथं उतरायला लागले. सकाळी उजाडल्यापासून आणि पुन्हा दुपार कलल्यावर, महिनाभर, दादा आणि वहिनी दोन बांधांवर उभे राहून गोफण फिरवत होते, पत्र्याचे डबे वाजवत होते. मळल्यावर पाच पोती झाली. पाखरांनी किती नेली कोण जाणे. एकट्या माणसाला शहाणपण सुचून भागत नाही, शेजाऱ्यालाही त्याच वर्षी सुचावं लागतं, हे कोणत्याही पुस्तकात मी वाचलेलं नव्हतं.

पुस्तकावरून सांगतो. २०१९ मध्ये निवृत्त झाल्यावर एका जुन्या सहकाऱ्यानं मला चायानोव्ह वाचायला दिला. हा रशियन अर्थशास्त्रज्ञ. तिथल्या शेतकरी कुटुंबांचे जमाखर्च घेऊन त्यानं १९२० च्या दशकात सांगितलं की घरच्या माणसांवर चालणाऱ्या शेतीला कारखान्याचं गणित लावता येत नाही, कारण तिथं मजुरी नावाची गोष्टच नसते. किती तोंडं खाणारी आहेत आणि किती हात राबणारे आहेत, यावर ते घर किती राबायचं ते ठरवतं. स्टालिनच्या काळात १९३७ मध्ये त्याला गोळी घातली. मी त्याची पानं वाचत होतो आणि प्रत्येक पानावर दादा दिसत होते. आयुष्यभर मी ज्या रकान्यात घरच्या माणसांची मजुरी धरून लिहीत आलो तो रकाना या माणसानं खोडून काढला होता.

त्यानंतर माझं मत पार उलटं झालं. तालुक्याच्या मेळाव्यांत, शेतकरी गटांच्या बैठकांत मी बोलायला लागलो. लहान शेतकरी कुटुंब कसं वाकतं पण मोडत नाही, भाव पडला तर दूध कसं सांभाळून घेतं, पीक बुडालं तर पोराचा पगार कसा येतो, एका घराच्या वहीत केवढं अर्थशास्त्र असतं. उदाहरण दादांचं. लोक टाळ्या वाजवायचे. मला वाटलं, आता मी बरोबर आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यात पुतण्यानं अशा एका भाषणाचं चित्रण मोबाईलवर घरी लावलं. दादा ऐकत होते. वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. संपल्यावर त्यांनी परातीतले हात झटकले आणि म्हणाल्या, "भाऊजी, समदं बरुबर सांगितलंत. माझे तास कुठं हायत त्यात?"

मी उत्तर दिलं नाही, कारण नव्हतं. बायांच्या खुरपणीचे आणि काढणीचे तास मी तीस वर्षं न चुकता लिहिले होते. पण पहाटे चारला उठून शेण काढणं, धारा, डेअरीवर कॅन पोचवणं, गवत कापून भारा आणणं, मजुरांची भाकरी, पाखरांची राखण, परसातली वांगी-मिरची? कुठल्याच पिकाच्या पानावर यातलं बहुतेक काही बसत नव्हतं. जे बसत नव्हतं ते मी सोडून दिलं होतं. आणि दादांचं ज्याला मी शहाणपण म्हणत होतो त्यातलं अर्धं तर त्या न लिहिलेल्या तासांवर उभं होतं.

त्या जूनपासून मी गावीच जास्त राहतो. दोनशे पानी एक रजिस्टर आणलं आहे. त्यात पिकांची पानं नाहीत, माणसांची आहेत. रोज रात्री जेवणं झाली की मी विचारतो आणि लिहितो, जसं विशीत दुसऱ्यांच्या ओसरीवर बसून लिहीत होतो. पहिल्या तीन महिन्यांची बेरीज केली तेव्हा दादांचे दिवसाला सरासरी आठ तास झाले. वहिनींचे साडेतेरा. दादा ती बेरीज बराच वेळ बघत राहिले आणि मग उठून गोठ्यात गेले.

त्या हिवाळ्यात गाईच्या दुधाचा भाव घसरला. ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ लागूनही डेअरी पंचवीस-सव्वीस रुपये देत होती. २०२४ च्या जानेवारीपासून सरकारनं लिटरमागं पाच रुपये अनुदान देऊ केलं. आमच्या घरानं त्यावर काय केलं? आणखी एक गाय घेतली. महिन्याला येणारी रक्कम कमी पडू नये म्हणून. धंद्यात मालाचा भाव पडला की मालक उत्पादन कमी करतो, माणसं कमी करतो. घराला आपली माणसं कमी करता येत नाहीत. मग ते त्याच माणसांकडून जास्त काम घेतं. भाव पडला म्हणून दूध वाढलं, आणि ते वाढलं वहिनींच्या पहाटेतून. पूर्वीचा मी याला परिस्थितीशी जुळवून घेणं म्हणालो असतो, मेळाव्यात सांगितलंही असतं. रजिस्टरमध्ये मात्र ते असं दिसतं: वहिनी, पावणेपंधरा तास.

म्हणून आता मला स्वतःच्या दोन्ही मतांबद्दल बोलायचं आहे. एकरी नफ्यावर घराला तोलणारा मी चुकलो होतो. आणि घर सगळं निभावून नेतं म्हणून त्याचं कौतुक करणारा मीही चुकलो होतो, कदाचित जास्त, कारण त्या कौतुकानं सगळ्यांची सोय होते. भाव न देणाऱ्याची होते, आयात कधी उघडायची आणि कधी मिटायची ते ठरवणाऱ्याची होते, घरातल्या पुरुषांचीही होते. निभावतंय ना, मग चालू द्या. कुणी किती राबून निभावलं हे विचारलं जात नाही, तोवर त्या निभावण्याला नाव काय द्यायचं ते मला ठरवता येत नाही. मेळाव्यांची निमंत्रणं अजून येतात. मी आता रजिस्टर बरोबर नेतो आणि फक्त त्यातलं वाचून दाखवतो.

२०२४ च्या ऑक्टोबरात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास मागणी होती. सहा बॅगांचा माल घरात पडून. पुतण्याचं कंत्राट संपलेलं, तो गावी परतलेला. कोणत्याही हिशेबानं, माझ्या जुन्या किंवा नव्या, ती वेळ गोठा वाढवायची होती, निदान आहे तसा ठेवायची. दिवाळीच्या आधी वहिनींनी सांगितलं की दोन गाई काढायच्या. एक म्हैस आणि एक गाय राहू द्यायची, शाळू आहे तेवढा पेरायचा. दादांनी मान हलवली. पुतण्या म्हणाला, महिन्याला नऊ हजार कमी होतील. वहिनी म्हणाल्या, "होऊ दे."

व्यापारी दारातच आला. पैसे या वेळी वहिनींनी मोजून घेतले. रात्री मी रजिस्टर उघडलं. तारीख लिहिली, दोन गाई, आलेली रक्कम, घेणारा कुठल्या गावचा ते लिहिलं. शेवटचा रकाना कारणाचा आहे. मी विचारलं, "वहिनी, इथं काय लिहू?"

त्या पाय लांब करून बसल्या होत्या, एरंडाचं तेल चोळत. म्हणाल्या, "लिव्हा, गुडघे."

मी ते लिहिलं.